जळालेल्या सहा लाख श्लोकांचा खेळ

१९९९ साली जपानमध्ये कौशुन ताकामी यांची ‘बॅटल रोयाल’ ही कादंबरी आली. शाळेतला एक अख्खा वर्ग बेटावर नेऊन सोडतात आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना संपवा, असा सरकारी हुकूम सुटतो. बेटाचे तुकडे एकेक करून निषिद्ध होत जातात, म्हणून कोणाला लपून बसायचीही सोय राहत नाही. पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थांनी त्यावरून एक खेळप्रकार रचला, २०१७ मध्ये त्यातून ‘पब्जी’ आला, आणि २०२१ पासून त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आमच्या कळमेश्वरच्या पोरांच्या हातात आहे. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेली किंवा नागपूरच्या कॉलेजातून परतलेली चारचौघं एसटीची वाट बघत बसली की मोबाइल आडवे होतात. “अबे, नॉक झालो ना बे, उचल मले!” “थांब ना, येऊन रायलो!” त्या काल्पनिक बेटावरच्या पोचिंकी गावाची गल्ली न् गल्ली त्यांना पाठ आहे.

यांतल्या कोणी ताकामींची कादंबरी वाचलेली नाही. तिचा नायक कोण, शेवटी कोण वाचलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्या कादंबरीतलं एकही पात्र खेळात आलेलं नाही. आला तो तिचा कायदा: बेट, आकसत जाणारी जागा आणि शेवटचा एक.

कोणत्या अद्भुत कादंबरीवर अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन खेळ होईल, असं विचारलं की आपण थरारक कथानक, पराक्रमी नायक आणि भव्य किल्ले शोधायला लागतो. माझ्या मते तिथेच वाट चुकते. कथानक जितकं घट्ट, तितकी इतरांना आत शिरायला जागा कमी. हजार माणसं एकाच वेळी एका राजपुत्राची भूमिका करू शकत नाहीत. खेळाला हवा असतो त्या जगाचा कायदा, आणि नायक नसलेल्या माणसाला त्या जगात करण्याजोगं काम.

अशा खेळांची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचं जग बांधलं. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळा मजकूर. तुम्ही अमुक खोलीत आहात, उत्तरेला दार आहे, असं पडद्यावर उमटायचं. तुम्ही ‘उत्तर’ असं लिहिलं की पुढची खोली. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: काही कमवायला येतात, काही हिंडून शोध घ्यायला, काही माणसांना भेटायला आणि काही दुसऱ्याला त्रास द्यायला. कुठलीही गावजत्रा डोळ्यांसमोर आणली तरी हे चौघे सापडतील. कादंबरी निवडताना हीच कसोटी लावावी. या चौघांनाही तिथे काही करता येईल का?

टोल्कीन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर २००७ मध्ये असा खेळ निघाला. त्यात खेळाडूला कादंबरीचा नायक फ्रोडो होता येत नाही. अंगठी घेऊन जाणारे पुढे जात असतात आणि आपण त्याच जगात बाजूबाजूने आपली वाट चालत असतो. कोणी वाद्यं वाजवतो, कोणी शेती करून चिलमीची तंबाखू पिकवतो. टोल्कीन यांनी नायकाच्या प्रवासापेक्षा कितीतरी मोठा नकाशा, भाषा आणि वंशावळ्या रचून ठेवल्या होत्या. त्या उरलेल्या जागेत लोक राहायला गेले.

मराठीत अशी उरलेली जागा कुठे आहे?

आपली कादंबरी सुरुवातीला वाढली ती अद्भुताच्या अंगणात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. लगेच १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या प्रकाराची झडती घेतली, आणि हरिभाऊ आपट्यांपासून मराठी कादंबरी घरातल्या, वाड्यातल्या, शेजारच्या माणसांकडे वळली. ते वळण मोलाचंच होतं. पण त्यानंतर अद्भुत लिहिणाऱ्याला वाचनालयाच्या मागच्या कपाटात जागा मिळाली, आणि जग रचण्याची सवय आपल्या लेखकांच्या हातून सुटली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाथमाधवांचं उदाहरण घ्या. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं नाव. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्या अवस्थेत त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. १९१३ ची ‘वीरधवल’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. पण ती नावापासूनच एकाची आहे. वीरधवल जिथे पोचेल तिथे रस्ता संपतो. एकट्याने खेळायचा सुंदर खेळ तिच्यातून होईल, हजारांचा होणार नाही.

जी. ए. कुलकर्णींचं तसंच, पण कारण वेगळं. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा १९७५ च्या. मराठी अद्भुताची एवढी उंची मला दुसरीकडे दिसत नाही. त्या वाटा मात्र एकट्याने चालायच्या आहेत. तिथे जथ्याने गेलो तर जी.एं.च्या माणसाला ज्या प्रश्नाशी झुंजायचं आहे तो प्रश्नच विरून जाईल. या कथांना कोणी हात लावू नये असं मी ठामपणे म्हणेन.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांबाबत माझं मन डळमळतं. भीती ही एकट्याची चीज. चार मित्र कानात बोलत असले की भूत पळतं. पण ‘तुंबाड’ आठवा. २०१८ च्या या चित्रपटाचं बीज धारपांच्या ‘आजी’ कथेत आहे, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती गोष्ट एका मित्राच्या तोंडून ऐकली ती आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. चित्रपटात एका गाभाऱ्यात हस्तर नावाच्या राक्षसाला पिठाची बाहुली दाखवून बोलवायचं, पिठाच्या रिंगणात उभं राहायचं, तो खायला लागला की लंगोटीतल्या मोहरा लुटायच्या. शेवटी हाव वाढते, बाहुल्या वाढतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर येतात. माणसं वाढली की संकट त्याच मापाने वाढलं पाहिजे, हे कोडं खेळ रचणाऱ्यांना कायम छळतं. ते इथे गोष्टीच्या पोटातच सुटलेलं आहे. तरीही तो गाभारा आठदहा जणांपुरताच. तिथे वस्ती करता येणार नाही.

वस्ती करण्याजोगं पहिलं जग मला सापडतं ते शेजारच्या हिंदीत. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी दुभाषिक प्रांताची राजधानी होतं आणि सावनेरच्या पुढे गेलं की छिंदवाडा लागतं, तेव्हा ‘चंद्रकांता’ आम्हाला परकी नाही. देवकीनंदन खत्री यांची ही कादंबरी १८८८ ची. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेणाऱ्या या माणसाने तिथले पडके वाडे-किल्ले पाहिले आणि त्यांतून मायावी तिलिस्म उभं केलं. पुढे दूरदर्शनच्या मालिकेने ‘चंद्रकांता’ घराघरांत नेली, पण तिने खलनायक क्रूरसिंहाच्या भुवयाच लक्षात ठेवायला लावल्या. खरी संपत्ती ऐयार.

ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि हातचलाखीत तरबेज माणूस. त्याच्या बटव्यात बेशुद्धीचं चूर्ण असतं, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा असतो, रंग असतात. चेहरा बदलून तो शत्रूच्या महालात वावरतो. आणि त्याच्या धंद्याचा दंडक असा की पकडलेल्या ऐयाराला मारायचं नाही, कैदेत टाकायचं. खेळ रचणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती? ऑनलाइन जगातला सर्वांत अवघड प्रश्न मरणाचा आहे. खेळाडू मेला तर घरी जातो, आणि मेलेला लगेच उठून उभा राहिला तर मरणाला किंमत उरत नाही. ‘चंद्रकांता’त हरलेला माणूस जगातच राहतो; त्याला सोडवायला सोबती निघतात, सोडवताना स्वतः अडकतात, आणि गोष्ट पुढे सरकते. आमची पोरं ज्याला ‘नॉक’ आणि ‘उचल’ म्हणतात, त्याचा हा फार खानदानी पूर्वज. शिवाय ऐयार शेकडो असू शकतात. त्याला राजपुत्र असण्याची गरज नाही, उस्ताद आणि बटवा पुरतो.

पण माझा जीव जडला आहे तो याहून जुन्या ग्रंथावर, आणि तो आपल्याच मातीतला आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. पैठणच्या सातवाहन राजाचा हा मंत्री. राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकवून दाखवलंस तर संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडीन, अशी दुसऱ्या मंत्र्याशी लावलेली पैज तो हरला आणि मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे त्याने पैशाची भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. अरण्यातली जनावरं चारा सोडून भोवती उभी राहून ऐकत होती, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. वाचलेल्या एका लाखाची गोष्ट अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ म्हणून संस्कृतात सांगितली. मूळ ग्रंथ तर पुढे नाहीसाच झाला.

आख्यायिकाच आपल्याला सांगते की हे जग सातपट मोठं होतं आणि त्याचे सहा वाटे मोकळे आहेत. उरलेल्या वाट्यात राजे आहेतच, पण त्याहून जास्त व्यापारी, जुगारी, चोर, वेश्या, सुतार, खलाशी, स्मशानात साधना करणारे आहेत. बार्टलचे चारही स्वभाव पोट भरून जगतील. उरलेल्या वाट्याला हात न लावता त्या मोकळ्या सहा वाट्यांत हजारो माणसं आपापल्या गोष्टी घडवू शकतील.

आणि कायदा? तो तर चौकटीतच आहे. शंकराने पार्वतीला सांगितलेली गोष्ट पुष्पदंत या गणाने चोरून ऐकली, म्हणून तो शापाने माणूस झाला. त्याची रदबदली करणारा माल्यवानही शापला गेला. पुष्पदंताने ती गोष्ट काणभूति नावाच्या पिशाचाला सांगायची, की तो सुटणार. काणभूतीने ती माल्यवानाला सांगायची, की काणभूति सुटणार. माल्यवान म्हणजेच गुणाढ्य. त्याने ती जगात पसरवायची, मग त्याचीही सुटका. म्हणजे शिक्षा भोगणारा गोष्ट सांगून सुटतो, आणि ऐकणारा तीच पुढे सांगून. जगभरच्या खेळांत हरलेल्याला दंड म्हणून वेळ किंवा सोनं द्यावं लागतं. इथे त्याने वाटेवरच्या अनोळखी खेळाडूला स्वतःची गोष्ट सांगावी आणि त्याने ती मानली तर शाप उतरावा. असा खेळ अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

कौशल्याचा प्रश्न आता उरलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा एकट्याने खेळायचा खेळ काढला, भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा अनेकांचा खेळ आणला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, पण सामाजिक खेळांना वाट मोकळी ठेवली. हक्कांचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं ते टिकतात. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, खत्री १९१३ मध्ये, दोघेही खुले. धारपांचे हक्क अजून दीर्घकाळ वारसांकडे आहेत. वारसांनी पोलंडचे लेखक सापकोव्स्की यांची गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या ‘विचर’ पुस्तकांचे खेळासाठीचे हक्क त्यांनी एकरकमी विकले, खेळ जगभर गाजला, आणि मग २०१९ मध्ये कंपनीशी नवा करार होईपर्यंत वाद चालला.

मात्र पुण्याच्या स्टुडिओची वाट बघत बसायचं कारण नाही. एसेक्सच्या दोन विद्यार्थ्यांनी केलं तेवढं कळमेश्वरच्या कॉलेजातली पोरं आजच करू शकतात. चित्रं नकोत, महागडी यंत्रं नकोत. देवनागरी मजकूर, एक साधा सर्व्हर, आणि खोल्या लिहिणारी माणसं. गुणाढ्याचं अरण्य आमच्या उत्तरेलाच आहे. पहिली खोली धापेवाड्याच्या चंद्रभागेच्या काठची असावी, दुसरी अदाशाच्या टेकडीची, तिसरी संत्र्याच्या बागेची. बागेत काम असावं: आंबिया बहार धरायचा तर झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची, मग आळी करून पाणी सोडायचं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड जातं, आणि पाळत ठेवायला खेळाडूला रोज यावं लागतं. रात्री त्या बागेत ऐयार शिरेल. तो पकडला गेला तर कैद किती दिवसांची, त्याची गोष्ट ऐकायला बागवान बांधील आहे की नाही, आणि ती मानली गेली हे ठरवायचं कोणी, एकट्या बागवानाने की शेजारच्या बागांनी मिळून, या तीन प्रश्नांपासून लिहायला बसावं.