लांबलेली प्रस्तावना

आयुष्याचं ध्येय काय, हा प्रश्न हल्ली मुलांना फार लवकर विचारतात. दहावीच्या निकालाचे पेढे अजून संपलेले नसतात. उत्तर नसलं की पोरगं ओशाळतं. अशा वेळी मला पांडुरंग वामन काणे आठवतात.

काणे मुंबईत हायकोर्टात वकिली करत. नीलकंठाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी हाती घेतली होती. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडक्यात ओळख जोडावी, एवढाच बेत. पण लिहायला बसल्यावर विषय आवरेना. एक स्मृती उलगडावी, तर ती दुसरीकडे बोट दाखवायची. 'व्यवहारमयूख' १९२६ साली निघाला. प्रस्तावनेचं स्वतंत्र काम झालं आणि ते चालूच राहिलं. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली. तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. पानं साडेसहा हजारांच्या आसपास. मधल्या काळात वकिली होती, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद होतं, पोटाचं दुखणं होतं. १९६३ साली भारतरत्न मिळालं.

मी मात्र अडकतो ते सुरुवातीपाशी. चार पानांत प्रस्तावना उरकता आली असती, कुणी बोल लावला नसता. ध्येय वगैरे काही समोर नव्हतं. समोर होती एक शंका, आणि ती तशीच सोडून पुढे जाणं त्यांना जमेना. (घरच्यांनी 'झालं का?' म्हणून किती वेळा विचारलं असेल, कोण जाणे.)

गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा मला निरोप आलाय. जुनी वर्गणीची वही चाळताना एका बाईंची सही दिसली, पुढे 'चार आणे'. बाकी सगळी नावं पुरुषांची. ही कोण? तेवढी ओळ गाळली तर लेख आज संध्याकाळी पुरा होतो. आजवर मी अशा ओळी गाळतच आलो.

मावशीला फोन लावला. तिला बाई आठवल्या नाहीत, घर आठवलं. "तळ्याच्या वरच्या अंगाला. आता कुलूप असतं रे, पण शेजारी विचार."

रविवारी सकाळची एसटी आहे.