अस्तेय : कायदा थांबतो तिथून पुढे

‘मी आयुष्यात कधी चोरी केली नाही’ असे आपल्यापैकी बहुतेकजण सहज म्हणू शकतात. कुणाचे कुलूप फोडले नाही, कुणाच्या खिशात हात घातला नाही, एवढाच चोरीचा अर्थ घेतला तर ते खरेही आहे. पण आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यानेसुद्धा चोरीचा अर्थ इतका तोकडा मानलेला नाही. म्हणून अस्तेयाचा विचार करणाऱ्या साधकाने आधी कायदा काय म्हणतो ते पाहावे. आत्मपरीक्षणाला उपयोगी पडेल असे त्यात पुष्कळ आहे.

१८६० सालच्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांच्या मूळ व्याख्या मात्र बहुतांशी तशाच राहिल्या आहेत.

पाटली एकच, गुन्हे अनेक

एक सोन्याची पाटली डोळ्यांसमोर आणा. मालकिणीच्या नकळत ती कपाटातून उचलली, तर ती चोरी. हातातून झटकन ओढून पळ काढला, तर हिसकावणे; नव्या संहितेत याला स्वतंत्र कलम आहे. ‘पाटली दे, नाहीतर तुझ्या मुलाला बघून घेईन’ अशी भीती घालून तिच्याच हातून घेतली, तर खंडणी. चोरी करताना मारहाण केली, तर जबरी चोरी, आणि तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तर दरोडा. ‘उजळून देतो’ असे खोटे सांगून घेतली, तर फसवणूक. यात्रेला जाताना तिने विश्वासाने नातेवाइकाकडे ठेवली आणि त्याने ती परस्पर गहाण टाकली, तर विश्वासघात. चोरीची आहे हे ठाऊक असूनही कुणी स्वस्तात घेतली, तर चोरीचा माल स्वीकारण्याचा गुन्हा. आणि कुणी निव्वळ आकसाने ती विहिरीत फेकली, तर त्यात कुणाचाच लाभ नसूनही तो गुन्हाच आहे.

वस्तू तीच, किंमत तीच. मग कायदा भेद कशाच्या आधारे करतो? मालकाच्या इच्छेचे काय झाले, हे तो पाहतो. चोरीत इच्छा विचारलीच जात नाही. खंडणीत ती भीतीने वाकवली जाते. फसवणुकीत ती असत्याने वळवली जाते. विश्वासघातात तर तिने आपणहून दिलेल्या विश्वासाचाच वापर तिच्याविरुद्ध होतो.

शिक्षेतील फरकही विचार करायला लावणारा आहे. साध्या चोरीला पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तर विश्वासघाताला ५ वर्षांपर्यंत. ठेव सांभाळणारा नोकर किंवा कारकून असेल तर ७ वर्षांपर्यंत. तो लोकसेवक, बँकव्यवसायी किंवा मुखत्यार असेल तर १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपसुद्धा. समाजात आपण नेमके उलटे वागतो. पाकीटमार सापडला की चारचौघे हात साफ करून घेतात. संस्थेची ठेव गिळणाऱ्याला मात्र समारंभात पहिल्या रांगेत बसवतात.

हात हलला, पण मन कुठे होते?

या गुन्ह्यांपैकी अनेकांच्या व्याख्येत एक शब्द कळीचा आहे : ‘अप्रामाणिकपणे’. स्वतःचीच समजून दुसऱ्याची छत्री उचलली तर ती चोरी होत नाही. मात्र ती आपली नाही हे कळल्यावरही बुद्ध्या ठेवून घेतली, तर तो अपहार होतो. घेताना निर्दोष असलेला माणूस ठेवताना दोषी ठरू शकतो. आपल्या खात्यात चुकून जमा झालेल्या रकमेबद्दलही हीच कसोटी मनाशी लावून पाहावी.

‘परत देणारच होतो’ हेही समर्थन पुरेसे नाही. राजस्थानातील अलवर येथील एका सरकारी कर्मचाऱ्याने कार्यालयातील फाइल घरी नेऊन मित्राला दिली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच ठरवली. घेणे थोड्या वेळापुरते असले तरी ते घेणेच आहे.

कायदा का थांबतो?

कायद्याला कृती लागते, पुरावा लागतो. ते योग्यच आहे. तो मनात डोकावून शिक्षा देऊ लागला तर कुणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही. म्हणूनच उरलेले काम ज्याचे त्याने करायचे असते.

पतंजलींनी पाच यमांत अस्तेयाला स्थान दिले. बौद्ध शीलांमध्ये आणि जैन व्रतांमध्ये चोरीचा अर्थ ‘न दिलेले घेणे’ असा केला आहे. जैन परंपरेने खोटी वजने-मापे आणि भेसळ यांनाही या व्रताचे दोष मानले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी गरजेपेक्षा अधिक घेणे हीसुद्धा चोरी मानली.

आपल्या घरांतलेच एक उदाहरण घेऊ. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही अनेक घरांत बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. कुणी धमकी देत नाही, कुणी खोटे बोलत नाही. फक्त ‘तुझे माहेर आम्हीच ना?’ असे म्हटले जाते, आणि सही न केल्यास राखी-भाऊबीज तुटेल हे तिला न सांगताही कळते. कागद कायदेशीर असतो, नोंदणी झालेली असते. एखादी बहीण खरोखर आनंदानेही सोडते. तिचे दान खरे आहे. पण जिथे सही करताना तिचा जीव आत तुटतो, तिथे तिने ते ‘दिले’ असे भावाने स्वतःच्या मनाला सांगावे का? कायदा सही पाहतो. सहीमागची इच्छा त्या भावाला ठाऊक असते, कारण तो तिच्यासोबत वाढलेला असतो.

मोलकरणीचा पगार ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत लांबवताना, सहकाऱ्याची कल्पना स्वतःच्या नावावर मांडताना, सत्कार्यासाठी दिलेला निधी दुसऱ्याच कामाला वळवतानाही हाच प्रश्न उभा राहतो.

चार प्रश्न

कायद्याचेच वर्गीकरण घेऊन साधकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे मला दिले गेले आहे का? निर्भयपणे दिले आहे का? सर्व काही माहीत असताना दिले आहे का? ज्या कामासाठी दिले, त्याच कामी मी ते लावतो आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर पोलीस ठाण्यात त्याची नोंद होवो वा न होवो, अस्तेय तिथे भंगले.

अशा वेळी काय करावे, याची खूणही नव्या कायद्यात सापडते. प्रथमच दोषी ठरलेल्याने ५,००० रुपयांहून कमी किमतीची वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. आधी परत करणे, मग सेवा. केवळ पश्चात्ताप करून, जप वाढवून किंवा दानपेटीत पैसे टाकून दुसऱ्याचे आपल्याकडे राहिलेले फिटत नाही. ते ज्याचे आहे त्याच्या दारी न्यावे लागते. अस्तेयाच्या साधनेची सुरुवात तिथून होते.