गाळलेली पाने

१९३५ च्या उत्तरार्धात हॉवर्ड थर्मन नावाचे एक अमेरिकी कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हिंदुस्थान व सिंहलद्वीपाच्या दौऱ्यावर आले असता, कोलंबोच्या विधिमहाविद्यालयात त्यांचे व्याख्यान संपल्यावर तेथील एका हिंदू गृहस्थाने त्यांना एकांतात असा प्रश्न केला की, ज्या धर्माच्या अनुयायांनी तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून नेले, बाजारात उभे करून विकले आणि स्वातंत्र्यानंतरही झाडांना टांगले, त्याच धर्माचा उपदेश करीत तुम्ही आमच्याकडे येता, याला स्वजनद्रोह का म्हणू नये? थर्मन यांना या प्रश्नाचे उत्तर पुरे करण्यास चौदा वर्षे लागली असे म्हणावयास हरकत नाही; कारण १९४९ मध्ये निघालेल्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या त्यांच्या लहानशा पुस्तकाच्या आरंभीच हा प्रसंग येतो.

त्या पुस्तकातील त्या गृहस्थापेक्षा माझ्या अधिक लक्षात राहिली ती थर्मन यांची आजी. नॅन्सी अँब्रोज गुलामगिरीत जन्मली होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. म्हणून आठवड्यातून दोनतीनदा नातवाने तिला बायबल वाचून दाखवावे, असा घरचा शिरस्ता होता. काय वाचावयाचे हे मात्र आजी ठरवी. स्तोत्रे चालत, यशया चाले, शुभवर्तमाने तर पुन्हापुन्हा; पौलाच्या पत्रांना मात्र मज्जाव. नातू मोठा झाला, कॉलेजात गेला, तेव्हा कोठे त्याला कारण विचारण्याचा धीर झाला. आजीने सांगितले की, गुलामांपुढे कृष्णवर्णीय उपदेशकाने बोलावे हे धन्याला खपत नसे. त्याचा गोरा पाद्री येई, वर्षातून तीनचार वेळा तरी दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे पौलाचेच वचन प्रवचनास घेई, आणि तुमचे गुलाम असणे ही ईश्वरेच्छा आहे असे बजावून जाई. आपण कधी सुटलो आणि वाचावयास शिकलो, तर बायबलाचा तेवढा भाग वाचावयाचा नाही, अशी तिने तेव्हाच देवापाशी बोली केली होती.

एका निरक्षर म्हातारीचा हट्ट म्हणून याकडे पाहण्याचा मोह पंडितांना होईल. परंतु ग्रंथ गाळून वाचण्याची ही विद्या धनीवर्गाला तिच्या कितीतरी आधी अवगत होती. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी मुद्दाम वेचून काढलेले एक बायबल १८०७ साली लंडनमध्ये छापले गेले. मूळच्या ११८९ अध्यायांपैकी त्यात २३२ उरले आहेत. परमुलखात विकला गेलेला योसेफ इमानाने चाकरी करतो, ही कथा ठेवली आहे. सिनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळतात, तेही आहे. मात्र मिसर देशाच्या दास्यातून सुटून हे लोक त्या पर्वतापर्यंत पोहोचले कसे, ते अध्याय नाहीत. अडचणीचा कागद दफ्तरातून नाहीसा करून बाकीची फाईल नीट बांधून ठेवणाऱ्या कारकुनाची सफाई मी पाहिली आहे. ही त्याच जातीची.

मग दोन्ही पक्षांनी कात्री चालविली असता एकीला कपट आणि दुसरीला धर्मबुद्धी कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? मला यात एक भेद दिसतो. धन्याने दुसऱ्याने काय वाचू नये हे ठरविले आणि ते लपविले; आजीने आपण काय ऐकणार नाही हे ठरविले आणि ते देवाला सांगून ठरविले. ज्याच्याविषयी वचन उच्चारले जाते, त्याच्या तोंडावर ते उच्चारता येते की नाही, ही तिची कसोटी होती; आणि अधिकृत धर्मपीठांपाशी याहून सरळ कसोटी असल्यास ती मला ठाऊक नाही.

थर्मन आशियात होते त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. प्रश्न तोच, उत्तर नेमके उलटे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, तेव्हा अलाबामातील माँटगमेरी येथे कृष्णवर्णीयांचा बसगाड्यांवरील बहिष्कार चालूच होता आणि त्याच्या सभा चर्चमध्ये भरत होत्या. एकाने घर सोडले, दुसऱ्याने त्याच घराचा ताबा मागितला. ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांना या दोन्ही वाटा परक्या वाटल्या नसत्या. जेथे चार पाने गाळून उरलेला ग्रंथ आपल्या बाजूने बोलू लागतो, तेथे कात्री पुरते. जेथे पुस्तकाची शिवणच विषमतेच्या दोऱ्याची आहे असा निर्णय विचारान्ती होतो, तेथे पुस्तक खाली ठेवावे लागते. अमेरिकेतही माल्कम एक्स यांच्यासारख्यांनी ते खाली ठेवलेच. राहणाऱ्याला भित्रा आणि जाणाऱ्याला द्रोही म्हणण्याची घाई बहुधा तिऱ्हाइतांनाच असते.

परंतु हा वाद केवळ ग्रंथांचा नाही, घरांचाही आहे. गुलाम ही कायद्याने जंगम मालमत्ता. मालमत्तेला करार करण्याची मुखत्यारी नाही. विवाह हा करार. सबब गुलामाचा विवाह नाही, असा सरळ हिशेब होता. काही पाद्री तर लग्नाच्या शपथेत मृत्यूच्या जोडीला अंतराचीही सवलत घालीत, म्हणजे धन्याने नवऱ्याला दूर विकले की बायको शपथेतून मोकळी. १८६५ नंतर ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ या कृष्णवर्णीयांच्या धर्मपत्रात हरवलेल्या बायकांच्या, नवऱ्यांच्या, लेकरांच्या शोधाच्या जाहिराती वर्षानुवर्षे येत राहिल्या, आणि त्या व्यासपीठावरून वाचून दाखवाव्यात अशी विनंती उपदेशकांना केलेली असे. ज्या समाजाने आपले संसार असे नावनिशीवार हुडकून काढले, त्याच समाजाच्या कुटुंबरचनेला अमेरिकी सरकारच्या १९६५ च्या मॉयनिहान अहवालाने विकृतीचे जाळे ठरविले, हे वाचताना सरकारी भाषेची कीव येते.

पण घरात शिरल्यावर आणखीही दिसते. चर्चमधील बहुसंख्य बाके स्त्रियांनी भरलेली आणि व्यासपीठ पुरुषांचे, ही तेथली जुनी वहिवाट. १८१६ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चला पहिली स्त्री-बिशप मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. डिलोरेस विल्यम्स या विदुषीने १९९३ मध्ये, मिसरच्या दास्यातून लोकांना सोडविणाऱ्या मोशेला बाजूस ठेवून हागारेकडे बोट दाखविले. अब्राहामाच्या घरातील ही दासी मिसरची. ज्या मिसर देशात पुढे इस्राएल लोक गुलाम होणार, त्याच देशाची एक बाई त्यांच्या मूळपुरुषाच्या घरी आधीच गुलाम आहे, तिच्या पोटी त्याला मूल होते, आणि तिला लेकरासह रानात काढून दिले जाते. मुक्तीची कथा सांगणाऱ्यांनी हे पान गाळले नव्हते. केवळ त्यावरून नजर पुढे नेली होती. आजीची कसोटी येथे लावली, तर कृष्णवर्णीय पुरुषांच्या प्रवचनांचीही झडती घेणे प्राप्त होते.

पीडितांच्या बाजूने ईश्वर आहे याला पुरावा काय, असा सवाल विल्यम जोन्स या कृष्णवर्णीय तत्त्वज्ञानेच १९७३ मध्ये केला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मी अद्याप वाचलेले नाही. आजीपाशीही ते नव्हते. तिने पुरावा मागितला तो ईश्वराकडे नव्हे, ग्रंथाकडे. आणि पौलाला तिने घालून दिलेल्या बंदीला एक अपवाद होता, हेही नातवाने नमूद करून ठेवले आहे: करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ती अधूनमधून वाचू देत असे. त्यात फक्त प्रीतीविषयी लिहिले आहे.