फुसका बार

सेलूची एक मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. प्रशिक्षणात तिच्या तुकडीत तिच्याइतका पक्का नेम कुणाचाच नव्हता. नऊ एमएमच्या पिस्तुलाची तिची गोळी सहसा काळ्या वर्तुळाबाहेर जात नसे.

एकदा उस्तादांनी तिच्या मॅगझिनमध्ये गुपचूप एक डमी राउंड भरला. तिसऱ्यांदा चाप ओढला, तर नुसतं ‘खट्’. बार झालाच नाही, तरी नळीचं तोंड खाली झुकलं. धक्क्याच्या धास्तीनं हात आधीच दबत होता. खरी चूक पुढं झाली. “उस्ताद, चालेना हो,” म्हणत ती पिस्तुलासकट मागं वळू लागली. उस्तादांनी मनगट धरून नळी पुन्हा टार्गेटकडं केली.

“पोरी, बिघडलं तरी ते भरलेलं पिस्तूल आहे. नळी समोर, बोट चापावरून बाजूला. रेंजवर अर्धं मिनिट तसंच थांबायचं, बार उशिरानंही होतो. मग मॅगझिनला खालून थाप मार, स्लाइड पूर्ण मागं ओढून सोड. पण बार फुसका वाटला, तर स्लाइडला हातही लावू नको. गोळी नळीत रुतलेली असू शकते. मागून दुसरी सोडलीस, तर नळी फुटेल.”

“आमचे बाबा जिनिंगात आहेत,” ती म्हणाली. “मशीन चोक झालं की आधी बंद करतात, मग हात घालतात.”

“मग तुला हे कळायला वेळ लागणार नाही.”

उस्तादांनी नेमबाज मनू भाकरचं सांगितलं. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये, दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत तिचं पिस्तूल मध्येच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले नेम घाईत मारावे लागले. गुण झाले ५७५. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात तिनं कांस्य जिंकलं.

ज्याचा नेम पक्का, त्याला बिघाडाचा सराव कमीपणाचा वाटतो. सेलूच्या या मुलीनं तसं मानलं नाही. रोज सरावात मैत्रिणीला नकळत डमी भरायला लावायची.

परीक्षेत चौथ्या गोळीला ‘फुस्’ झालं. शेजारी धडाधड बार चालू होते. सवयीनं डावा हात स्लाइडकडं निघाला, अर्ध्यातून परतला आणि वर गेला. पिस्तूल समोरच रोखलेलं. उस्तादांनी नळी तपासली. गोळी मध्यावर रुतून बसली होती.

तिच्या टार्गेटवर त्या फेरीत तीनच छिद्रं होती, पहिला नंबर दुसरीचा आला. पुढच्या तुकडीला बिघाड काढायला कोण शिकवणार, या रकान्यात उस्तादांनी मात्र तिचंच नाव लिहिलं.