विचारायला हवं

घाटकोपर असो की बोरिवली, मुलांच्या डॉक्टरांकडे आधी वजनकाटा, मग थर्मामीटर. ताप विचारतात, भूक विचारतात. मन मात्र बहुतेकदा बाहेर चपलांपाशीच राहतं.

विचारायला हवं. ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ असं विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. अभ्यासकांनी हे तपासून पाहिलंय. उलट, कोंडलेलं पोर मोकळं होतं. अमेरिकेतल्या काही बालरुग्णालयांत असे मोजके प्रश्न नेमानं विचारतात. आपल्याकडेही विचारायला हवं. आईबाबांना घटकाभर बाहेर बसवून.

आणि घरी? तिथंही विचारायला हवं. उत्तर आलं, तर उपदेश नको. जवळ बसा. मनाला आधार देणाऱ्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

आज डबा पाच मिनिटं उशिरा भरला तरी चालेल.