टोपली ठेवल्यानंतर

आजचा शास्त्रभाग : अनुवाद २६:१–१३



आजचं मनन लिहायला मला जरा जड जातंय. रोज मी वचन वाचते, त्यावर विचार करते आणि तुमच्यासाठी चार ओळी लिहिते. पण या वेळी वचनाने आधी मलाच समोर बसवलं. म्हणून आज उपदेश कमी आणि कबुली जास्त असेल. सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी मी मंडळीत साक्ष दिली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की सात महिने माझ्याकडे जॉब नव्हता. इंटरव्ह्यू व्हायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कोणी कळवायचं नाही. त्या काळात तुम्हीही माझ्यासाठी प्रार्थना केलीत. शेवटी प्रभूने दार उघडलं, हिंजवडीत नोकरी लागली आणि पहिला पगारही झाला. पाळकसाहेब म्हणाले, "पुढे येऊन देवाचे उपकार सांग." मी माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. उपवास सांगितले, रात्रीची प्रार्थना सांगितली, कोणत्या वचनाने धीर दिला तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "हालेलुया" म्हणाले. मी खूश होऊन जागेवर येऊन बसले.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. त्या सात महिन्यांपैकी पाच महिने खोलीच्या भाड्यातला माझा वाटा माझ्या रूममेट ताईने भरला होता. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आमच्याच तरुण संघातली. "नंतर बघू गं," एवढंच म्हणायची. नोकरी लागल्यावर मी ऑफिसजवळ राहायला गेले. पहिल्या पगारातून तिचे थोडे पैसे पाठवले आणि मनात म्हटलं, झालं, आता उरलेले हळूहळू देऊ.

त्यानंतर ताईचीच नोकरी गेली. तिने मला मेसेज केला होता, "थोडं बोलायचं होतं, वेळ असेल तेव्हा." मी लिहिलं, "हो ताई, नक्की!" आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. त्या रविवारी त्या मेसेजला एकोणीस दिवस झाले होते.

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. माझ्या साक्षीला तिनेही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी बसमध्ये माझ्या वाचनात अनुवादाचा २६वा अध्याय आला. हा भाग मी आधीही वाचला होता. पहिलं फळ, टोपली, याजक... 'जुन्या करारातले नियम' म्हणून पुढे गेले होते. या वेळी पुढे जाता आलं नाही.

प्रसंग असा आहे. इस्राएल लोक अजून वचनदत्त देशात गेलेले नाहीत. अजून कोणाचं शेत नाही, कोणाचं पीक नाही. आणि मोशे त्यांना आत्ताच सांगतोय की तिथे गेल्यावर, पहिलं पीक हातात आल्यावर, देवाचे उपकार कसे मानायचे. रान तुडवताना देव आठवतोच. धान्याचं कोठार भरल्यावर विसर पडतो, हे मोशेला चांगलं माहीत होतं. आपल्यालाही माहीत आहे, नाही का? जॉब नसताना पहाटे पाचला उठून प्रार्थना करणारी मी, जॉब लागल्यावर अलार्म तीनदा पुढे ढकलते.

या अध्यायात उपकार मानण्याच्या तीन पायऱ्या मला दिसल्या.

पहिली पायरी : आठवण

शेतकरी टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो, तेव्हा त्याला काय बोलायला सांगितलंय ते पाहा (वचन ५ ते १०). 'यंदा पीक छान आलं' असं सांगून तो सुरुवात करत नाही. तो आधी सांगतो की आमचा पूर्वज एक भटका अरामी होता, थोडी माणसं घेऊन मिसरात गेला, परका म्हणून राहिला. मग सांगतो की आम्हाला तिथे छळलं, आम्ही देवाला हाक मारली आणि त्याने आमचं ऐकलं. आणि सगळ्यात शेवटी म्हणतो की प्रभू, तू मला जी जमीन दिलीस तिचं हे पहिलं फळ मी आणलं आहे.

म्हणजे आधी पूर्वज, मग आम्ही, आणि शेवटी मी. माझ्या साक्षीत पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत मी, मी आणि मीच होते. माझे वाईट दिवस मी सांगितले, पण ते मी किती मोठ्या विश्वासाने काढले हे दाखवण्यासाठी. त्या दिवसांत मला कोणी सांभाळलं, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसरी पायरी : टोपली

मग ती टोपली देवापुढे ठेवायची आणि नमन करायचं. हे आपल्याला जमतं. दशांश आपण देतो, उपकारस्तुतीचं दान देतो, पाकिटावर 'नोकरीबद्दल आभार' असं लिहितो. हे चांगलंच आहे, ते सोडू नका. पण अध्याय इथे संपत नाही.

तिसरी पायरी : पंगत

अकरावं वचन म्हणतं की देवाने तुला आणि तुझ्या घराण्याला जे चांगलं दिलं त्याबद्दल आनंद कर. पण एकट्याने नाही. तू, लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा उपरी, तुम्ही सर्व मिळून. लेव्यांना शेतजमिनीचा वाटा नव्हता. उपरी तर परकाच. ज्यांच्या घरी स्वतःचं पीक आलंच नाही, ती माणसं या आनंदाच्या पंगतीत बसलीच पाहिजेत. त्यांच्याशिवाय हा सण पुरा होत नाही.

हे वाचताना मला माझी आजी आठवली.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. लहानपणी कापणीच्या सणाला चर्च ओळखू यायचं नाही. दाराला ज्वारीची ताटं बांधलेली, वेदीपुढे बाजरीची कणसं, लाल भोपळे, वांगी, अंडी, आणि एका कोपऱ्यात पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की बाहेर झाडाखाली या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि ते पैसे मंडळीला जायचे. आजी दरवर्षी आपल्या शेतातला एक मोठा भोपळा न्यायची. आणि लिलावात बोली लावून तोच भोपळा परत विकत घ्यायची!

मी एकदा विचारलं, "आजी, आपणच दिलेला भोपळा आपणच पैसे देऊन कशाला घ्यायचा?"

आजी म्हणाली, "आपण दिला तवा तो देवाचा झाला. आता देवाचाय, तर ज्याला लागतो त्याच्याकडं जाऊ दे की."

आणि घरी येताना वाटेत एका घरापाशी ती थांबायची. त्या घरी शेत नव्हतं, मिळवतं माणूसही नव्हतं. भोपळा ओट्यावर ठेवायची, दोन शब्द बोलायची, चहा झाला तर तिथेच घ्यायची आणि मगच घरी यायची. आजीला अनुवाद २६ तोंडपाठ होता की नाही, मला माहीत नाही. पण तिची टोपली वेदीपाशी थांबत नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातलं आणखी एक उदाहरण सांगते. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत त्यांचं लहानपण गेलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई आणि मोठी बहीण, अशी घरची माणसं त्यांनी गमावली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भारतात परतून विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं.

मग १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई पुण्यात बसून प्रार्थना करू शकल्या असत्या. पैसेही पाठवू शकल्या असत्या. पण त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना बरोबर घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं ते या मुलींसाठी. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त जणी राहत होत्या.

मला रमाबाईंमध्ये अनुवाद २६ दिसतो. आमची माणसं भटकी होती, आम्ही उपाशी होतो, आम्ही हाक मारली, देवाने आम्हाला वाचवलं. ज्याला हे आठवतं, त्याला समोरचा उपाशी माणूस परका वाटत नाही. आठवण बुजली की मात्र आपण आशीर्वादाला 'माझ्या मेहनतीचं फळ' म्हणू लागतो, आणि मग वाटा काढताना हात आखडतो.

घरातून बाहेर काढलं का?

आता तेरावं वचन. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना दिल्यावर त्या माणसाने देवासमोर उभं राहून सांगायचं आहे की जे पवित्र म्हणून वेगळं ठेवलं होतं ते मी माझ्या घरातून बाहेर काढलं, ज्यांना द्यायचं त्यांना दिलं, मी विसरलो नाही.

म्हणजे इथेही साक्ष आहे बरं का! पण या साक्षीत 'मला काय मिळालं' हे नाही. 'माझ्या घरातून काय बाहेर गेलं' हे आहे.

बसमध्ये बसून मी स्वतःला विचारलं की माझ्याकडून काय बाहेर गेलं? एक हसरा चेहरा. एकोणीस दिवसांपूर्वी.

मी पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि ताईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "ताई, मी चुकले," एवढंच बोलले आणि रडू आलं. ती म्हणाली, "अगं वेडे, ऑफिसला उशीर होईल तुला. संध्याकाळी ये."

संध्याकाळी डबा घेऊन गेले. उरलेले पैसेही नेले होते. ते तिने घेतले, आणि घेतले हे बरंच झालं, कारण त्या महिन्याचं भाडं थकलं होतं. पण तिला बोलायचं होतं ते पैशांबद्दल नव्हतंच. ती म्हणाली, "घरी अजून सांगितलं नाही गं. आईला कळलं तर बीपी वाढेल. कोणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुला मेसेज केला." एकोणीस दिवस ती हे एकटीने घेऊन बसली होती. मला उपाय सुचवावा लागला नाही. फक्त तिथे बसायचं होतं. आम्ही जेवलो. मग तिचा बायोडाटा उघडून रात्री अकरापर्यंत नीट केला. निघताना तिने प्रार्थना केली. माझ्या नोकरीसाठी पुन्हा एकदा देवाचे आभार मानले, माझ्या समोर, स्वतःची नोकरी नसताना.

ताईला अजून जॉब लागलेला नाही. ही गोष्ट 'आणि मग चमत्कार झाला' अशी संपत नाही. आम्ही अजून प्रार्थना करतोय. पण मी आता फक्त 'प्रार्थना करते' म्हणत नाही, दर मंगळवारी संध्याकाळी तिच्याकडे जाते.

पौल करिंथकरांना लिहितो की तुमच्या मदतीने पवित्र जनांची गरज तर भागतेच, शिवाय त्यामुळे पुष्कळ लोक देवाचे आभार मानू लागतात (२ करिंथ ९:१२). किती सुंदर आहे हे! माझ्या हातातून वाटा निघतो, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी उपकारस्तुती सुरू होते. माझ्यासाठी देवाने दार उघडलं तेव्हा त्या दाराची कडी काढणारा एक हात ताईचाही होता. आता तिच्यासाठी माझा हात असावा, असं देवाला वाटत असेल तर नवल काय?

मित्रांनो, आज एक काम करा. देवाने अलीकडे तुमच्यासाठी केलेली एक चांगली गोष्ट आठवा. ॲडमिशन असेल, नोकरी असेल, आजारातून उठलेले बाबा असतील. मग त्या दिवसांत तुमच्या बाजूला कोण उभं होतं ते आठवा. आणि आज तुमच्या ओळखीत त्याच जागी कोण उभं आहे ते शोधा. वाटा पैशांचाच असावा असं नाही. रेफरल असेल, नोट्स असतील, एक डबा असेल, हॉस्पिटलमध्ये एक रात्र सोबत असेल. पण तो घरातून बाहेर निघू द्या. आणि त्याचा स्टेटस ठेवू नका. कदाचित कोणाच्या तरी मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं असेल. हे वाचून झालं की आधी ते द्या.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू जे दिलंस त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमचे रिकामे दिवस आम्हाला विसरू देऊ नकोस. त्या दिवसांत तू ज्यांच्या हातांनी आम्हाला सांभाळलंस, त्यांची आठवण आम्हाला दे. आमच्या ओठांवर तुझी स्तुती आहे, पण आमचं दार बंद असेल तर ते तू उघड. आज जे नोकरीच्या, भाड्याच्या, औषधाच्या काळजीत आहेत, त्यांच्यापर्यंत आमचा वाटा पोहोचू दे. आणि ज्यांना घरी सांगता येत नाही असं दुःख आहे, त्यांच्याजवळ बसायला आम्हाला वेळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.

प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो, आणि तुमच्यामुळे आणखी कोणाला तरी.