हसतोय ना, मग काय झालं!

गुदगुल्या अंगाला होतात, तशा मनालाही होतात. तोंडभर स्तुती झाली, आपल्या गावाचं किंवा जातीचं कौतुक झालं की आत कुठंतरी गुदगुल्या होतातच. पण आज लिहायचं आहे ते अंगाच्या गुदगुल्यांवर, कारण त्यातलं चुकीचं वळण आपण फार लहानपणी लावतो.

लग्नघरात हमखास दिसणारं दृश्य आहे हे. एखादे काका चार वर्षांच्या पोराला मांडीवर ओढतात, एका हातानं दंड धरतात आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या काखेत फिरवू लागतात. पोर खिदळतं, पाय झाडतं. मग हसता हसताच म्हणतं, 'पुरे ना, काका, पुरे!' धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. कुणी 'सोडा हो त्याला' म्हटलंच, तर काकांचं उत्तर तयार असतं, 'हसतोय ना, मग काय झालं?'

या उत्तराची मला चीड येते. काख, बरगड्या, तळपाय इथं दुसऱ्याची बोटं फिरली की हसू आवरत नाही. स्वतःच्या हातानं मात्र तसं होत नाही. मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मेंदूची चित्रं घेऊन याचं कारण दाखवलं. आपलं बोट कुठं टेकणार याचा अंदाज लहान मेंदूला आधीच असतो, म्हणून तो स्पर्श बोथट होतो. म्हणजे गुदगुल्या होतात त्याच मुळी दुसऱ्याच्या हाती सापडल्यामुळे. तिथं विश्वास नसेल तर उरते ती भीती. परक्या माणसानं गुदगुल्या केल्या तर लहान मूल घाबरून किंचाळेल, असं डार्विननं 1872 च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे. बर्लिनमधल्या संशोधकांना 2016 मध्ये उंदरांतही हेच दिसलं. एरवी गुदगुल्या केल्या की आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात साद देणारे उंदीर, प्रखर उजेडात उंच फळीवर ठेवल्यावर गप्प झाले.

ओळखीच्या हातात सापडलेलं मूल मात्र नकोसं झालं तरी हसत राहतं. त्याचा नकार शब्दांत असतो आणि आपण धरून बसतो हसू. हेच मूल मोठं होतं. कचेरीत चहाच्या वेळी कुणी द्व्यर्थी बोलतं, शेजारची सहकारी कसनुसं हसते, आणि बोलणारा म्हणतो, 'तिलाही आवडलं की.' 'पुरे' या शब्दाला किंमत नसते, हे तो कुठं शिकला? मला वाटतं, अशाच एखाद्या मांडीवर.

येत्या लग्नसराईत एवढं करा. मुलानं 'पुरे' म्हटल्याबरोबर हात काढून घ्या. त्यानं 'अजून!' म्हणून आपणहून काख पुढं केली, तर खुशाल पुन्हा करा. नाही केली, तर तिथंच थांबा. आणि दुसरं कुणी थांबत नसेल, तर पाहुण्यांचा रुसवा पत्करून त्यांना थांबवा.